नदी असल्याचा पुरावा

लॉस एंजेलिस म्हटले की डोळ्यांपुढे हॉलिवूड येते, समुद्र येतो, गाड्यांनी भरलेले रुंद रस्ते येतात. नदी मात्र येत नाही. तिथे वर्षानुवर्षे राहणाऱ्या लोकांना विचारले तरी पुष्कळजण गोंधळतात आणि उलट आपल्यालाच विचारतात, "इथे कुठली नदी?" खरे तर हे शहर वसले तेच नदीमुळे. १७८१ साली ४४ माणसांची छोटी वस्ती या नदीजवळ पडली. नदीचे पाट काढून मळे पिकवले गेले आणि त्या वस्तीचे पुढे महानगर झाले. त्याच्याही आधी शेकडो वर्षे टोंगवा नावाचे मूळ रहिवासी या काठांवर राहत होते.

मग १९१३ साली पावणेचारशे किलोमीटर लांबून कालव्याने पाणी आणले गेले. घरोघरी नळ आले आणि नदीचे काम संपले. जिचे काम संपले तिच्याकडे माणूस बघत नाही, हा जगाचा रिवाज आहे. पुढे या नदीवर अशी वेळ आली की ती नदी आहे हे सिद्ध करण्यासाठी काही लोकांना होड्या घेऊन तिच्यात उतरावे लागले. आज त्याच नदीत उन्हाळ्यात लोक वल्ही घेऊन जातात. त्यासाठी ठरवून दिलेल्या वाटा आहेत, वेळा आहेत, नियम आहेत. या वाटेला मी 'पाणवाट' म्हणते. ती कशी तयार झाली आणि एका दुपारी मला तिथे काय दिसले, ते वाचकांना सांगावे म्हणून हा लेख.

सिमेंटची नदी

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाईज भागात राहतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले होते. पहिल्या आठवड्यात त्याने गाडीतून जाताना एका पुलावर बोट दाखवले, "आपा, खाली बघा, ती इथली नदी." मी पाहिले तर खाली भलामोठा सिमेंटचा नाला. दोन्ही बाजूंना उतरत्या भिंती, सपाट तळ आणि त्या तळाच्या मधोमध पाण्याची एक अरुंद रेघ. कृष्णाकाठी वाढलेल्या माणसाला ही नदी आहे हे पटणे अवघडच होते.

पण तिला असे का केले याचे कारण कळल्यावर मी हसू शकले नाही. ही नदी ५१ मैल, म्हणजे सुमारे ८२ किलोमीटर लांबीची. कनोगा पार्क भागात एका हायस्कूलच्या मैदानामागे दोन ओढे एकत्र येतात, तिथे ती सुरू होते आणि लाँग बीच येथे समुद्राला मिळते. एवढ्याशा अंतरात ती सुमारे २४० मीटर खाली उतरते. भोवती डोंगर. उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत आणि हिवाळ्यातल्या पावसात एकाएकी चवताळणारी. १९३८ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये असा पूर आला की शंभराहून अधिक माणसे गेली, पूल वाहून गेले, घरे वाहून गेली. त्यानंतर अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने नदीला बांधून काढायचे काम नेटाने हाती घेतले. जवळपास दोन दशके सिमेंट ओतणे चालू होते. पाणी अडवू नये, मुरवू नये, शक्य तितक्या लवकर समुद्रात घालवावे, एवढाच हेतू.

पुरात घर पाहिलेल्या माणसाला हा हेतू समजतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या दिवसांत कुणी म्हटले असते की कृष्णेला भिंती घाला, तर आमच्या मोहल्ल्यातल्या एकानेही विरोध केला नसता.

लॉस एंजेलिसला मात्र या सुरक्षिततेची एक किंमत मोजावी लागली. नदीभोवती तारेची कुंपणे आली. आत जाणे गुन्हा ठरला. दोन पिढ्यांनी नदी फक्त पुलावरून आणि सिनेमात पाहिली, कारण तिच्या कोरड्या तळावर गाड्यांच्या पाठलागाची दृश्ये चित्रित होत. १९८९ च्या सुमारास तर एका आमदाराने असे सुचवले की कोरड्या दिवसांत या तळाचा मालमोटारींसाठी महामार्ग करावा. नदीचा रस्ता करायचा! आणि हे लोकांना फारसे विचित्रही वाटले नाही, कारण लोकांच्या मनात ती नदी उरलीच नव्हती.

सगळ्यांच्या मनात नव्हती असे मात्र नाही. लुईस मॅकअ‍ॅडम्स नावाच्या एका कवीने दोन-तीन मित्रांना घेऊन तारेचे कुंपण कापले, खाली उतरला आणि नदीच्या वतीने बोलायचे ठरवले. १९८६ पासून 'फ्रेंड्स ऑफ द एल.ए. रिव्हर' ही त्याची संस्था काम करू लागली. काठावरचा कचरा काढणे, शाळांच्या मुलांना नदीवर नेणे, नवीन सिमेंटला विरोध करणे अशी कामे तो वर्षानुवर्षे करत राहिला; २०२० मध्ये त्याचे निधन झाले. अधिकारी बैठकीत 'पूरनियंत्रण वाहिनी' म्हणत, तेव्हा तो दर वेळी मध्येच 'नदी' म्हणून दुरुस्ती करी, असे सांगतात. भाषेचा शिक्षक म्हणून मला ही गोष्ट फार आवडली. वस्तूचे नाव बदलले की तिच्याशी वागण्याची रीतही बदलते.

चार मैल नदी, सत्तेचाळीस मैल काय?

आता थोडे कायद्याविषयी. अमेरिकेत १९७२ पासून स्वच्छ पाण्याचा केंद्रीय कायदा आहे. तो ज्या पाण्याला लागू होतो त्याची व्याख्या 'नौकानयनयोग्य जल' या शब्दांभोवती फिरते. म्हणजे ज्या पाण्यात होडी चालते ते. अशा नदीला मिळणारे छोटे ओढेही त्या नदीच्या आधाराने संरक्षण मिळवतात. २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने, ज्याला रॅपनोस खटला म्हणतात, कुठला ओढा या कायद्याखाली येतो आणि कुठला नाही याबद्दल गोंधळ वाढला. मुख्य नदी नौकानयनयोग्य आहे की नाही, या प्रश्नाला एकदम वजन आले.

२००८ मध्ये लष्कराच्या अभियंता विभागाने निर्णय दिला की लॉस एंजेलिस नदीच्या ५१ मैलांपैकी जेमतेम ४ मैल नौकानयनयोग्य आहेत. ऐकायला हा तांत्रिक शेरा वाटतो. पण या नदीचे पाणलोट क्षेत्र दोन हजार चौरस किलोमीटरहून मोठे आहे. वरच्या डोंगरांतले ओढे, झरे, दलदली सगळे तिच्यात येतात. मुख्य नदीच 'नदी' नसेल तर त्या ओढ्यांचे संरक्षण कशाच्या आधाराने टिकणार? उद्या कुणी ओढा बुजवून घरे बांधली तर त्याला केंद्रीय परवान्याची गरज उरणार नाही, अशी भीती होती. आपल्याकडे ओढे कसे बुजतात आणि मग पावसाळ्यात पाणी कुणाच्या घरात शिरते, हे सांगायला नको.

अशा वेळी निवेदने देता येतात, मोर्चा काढता येतो. जॉर्ज वुल्फ नावाच्या लेखकाने वेगळा मार्ग धरला. नदीत होडी चालत नाही असे म्हणता ना, मग आम्ही चालवून दाखवतो, असे म्हणून तो २००८ च्या जुलैमध्ये डझनभर सोबत्यांसह नदीच्या उगमापाशी उतरला. तीन दिवसांत हा जथा वल्हवत समुद्रापर्यंत पोहोचला. वाटेत काही ठिकाणी पाणी घोट्याइतके. तिथे होड्या ओढाव्या लागल्या. शहराच्या मधल्या भागात तर त्या सिमेंटच्या तळातल्या अरुंद चरातूनच जावे लागले. पण उगमापासून मुखापर्यंत होड्या गेल्या.

या जथ्यात हेदर वायली नावाची एक तरुण जीवशास्त्रज्ञही होती, आणि ती नोकरीला होती त्याच अभियंता विभागात! तिचा होडीतला फोटो वरिष्ठांच्या नजरेस आला. तिला तीस दिवस निलंबित करण्याचा प्रस्ताव निघाला. शेवटी तिने नोकरी सोडली. माझ्या भावजयीने हे ऐकून विचारले, "एका होडीच्या फेरीसाठी नोकरी?" प्रश्न रास्त आहे. घर चालवणारी माणसे असाच विचार करतात. पण पुढे काय झाले तेही बघायला हवे.

केंद्राच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने हा निर्णय अभियंता विभागाकडून आपल्या हाती घेतला. तपासणी झाली. जुन्या-नव्या नौकानयनाच्या पुराव्यांत या तीन दिवसांच्या सफरीचाही समावेश होता. ७ जुलै २०१० रोजी संस्थेच्या तेव्हाच्या प्रमुख लिसा जॅक्सन यांनी कॉम्प्टन क्रीक या ओढ्याच्या काठावर उभे राहून जाहीर केले की लॉस एंजेलिस नदी संपूर्णच्या संपूर्ण नौकानयनयोग्य आहे. कॉम्प्टन ही कष्टकऱ्यांची, बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोकांची वस्ती. घोषणा तिथे झाली याचेही मला महत्त्व वाटते. कागदावर नदी परत आली ती वल्ह्यांच्या जोरावर.

पाणवाट कशी बनते?

कायद्याने नदी झाली, पण कुंपण होते तिथेच होते. सामान्य माणसाने आत पाऊल टाकणे अजूनही बेकायदा. इथून पुढचे काम गाजावाजाचे नव्हते, आणि माझ्या मते शिकण्यासारखे तेच आहे.

पहिला प्रश्न होता, कुठला भाग? सगळी नदी सिमेंटची नाही. तीन ठिकाणी तळ मातीचा राहिला आहे. एक सेपुल्वेडा धरणामागचे पूरक्षेत्र. पूर आला तर पाणी साठावे म्हणून ही जागा मोकळी ठेवली आहे, एरवी तिथे बागा आणि मैदाने आहेत. दुसरा ग्लेंडेल नॅरोज. तिथे भूगर्भातले पाणी वर दाबून येते, त्यामुळे तळाला सिमेंट टिकणार नव्हते म्हणून ते घातलेच नाही. तिसरा समुद्राजवळचा खाडीचा भाग. मातीच्या तळात झाडे उगवतात, झाडांवर पक्षी येतात, पाण्यात मासे राहतात. तेव्हा वाट काढायची ती पहिल्या दोन ठिकाणी, असे ठरले.

दुसरा प्रश्न परवानगीचा. तळ एकाच्या अखत्यारीत, भिंती दुसऱ्याच्या, काठचा रस्ता तिसऱ्याचा. २०११ च्या उन्हाळ्यात सेपुल्वेडाच्या भागात प्रयोग म्हणून फक्त शनिवार-रविवार, फक्त मार्गदर्शकांसोबत फेऱ्या सुरू झाल्या. तिकिटे काही मिनिटांत संपली. ज्या शहराला आपली नदी ठाऊक नव्हती, त्या शहराने रांग लावली! २०१२ मध्ये राज्याने कायदा बदलून पूरनियंत्रण खात्याच्या उद्दिष्टांत लोकांना नदीवर जाऊ देणे, शिकू देणे हेही समाविष्ट केले. २०१३ मध्ये एलिसियन व्हॅली भागात, म्हणजे ग्लेंडेल नॅरोजमध्ये, सुमारे ४ किलोमीटरची दुसरी वाट खुली झाली. तिथे लोक स्वतःची होडी घेऊनही येऊ शकतात.

तिसरा प्रश्न मोसमाचा आणि जिवाचा. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून पाणवाट मेच्या अखेरीस उघडते आणि सप्टेंबरमध्ये बंद होते. सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच वेळ. अवेळी पाऊस आला की लगेच बंद. नदी अजूनही पूर वाहून नेणारी वाहिनीच आहे आणि सिमेंटच्या भिंतींमध्ये पाणी फार वेगाने चढते. दर पावसाळ्यात अग्निशामक दलाला तिथून माणसे बाहेर काढावी लागतात, हे शहराला पुरते ठाऊक आहे. पाण्याची नियमित तपासणी होते, जंतू वाढले की वाट बंद. पोहायला मनाई. मोटरची होडी चालत नाही, टायरच्या ट्यूबवर तरंगणेही चालत नाही. वल्ह्याने वळवता येईल अशीच होडी हवी.

शेवटी चौथा प्रश्न, जो सर्वांत साधा वाटतो आणि सर्वांत जास्त अडतो: उतरायचे कुठे आणि चढायचे कुठे? पाणवाट म्हणजे मुख्यतः दोन जागा, एक पाण्यात शिरण्याची आणि एक बाहेर पडण्याची. त्या नीट असल्या, त्यांची माहिती देणारा फलक असला, लक्ष ठेवणारा रखवालदार असला, की मधली वाट नदी स्वतःच देते. ती बांधावी लागत नाही.

वल्हे हातात घेतल्यावर

माझ्या आयुष्यात होडी आली ती पुराच्या वेळी. २०१९ मध्ये अम्मीला घेऊन मी बचावपथकाच्या होडीत बसले होते. गुडघ्यांवर औषधांची पिशवी आणि घरची कागदपत्रे, खाली तपकिरी पाणी, दोन्ही बाजूंना ओळखीच्या दुकानांच्या पाट्या हाताला लागतील इतक्या खाली. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला होडी उलटून माणसे गेली. त्यानंतर मी घाटावर गेले असेन, पण पाण्यात पाय घातला नव्हता. म्हणून चौदा वर्षांच्या भाच्याने "फुफू, तुम्ही माझ्यासोबत येणार ना?" असे विचारले तेव्हा मी लगेच हो म्हटले नाही. भावजयीची काळजी निराळीच, "आपा, स्कार्फवर हेल्मेट नीट बसेल का?" ते बसले. साधा सुती स्कार्फ घट्ट गुंडाळला, वरून हेल्मेट, अंगात लांब कुर्ता आणि त्यावर लाइफ जॅकेट. बायकांना संकोच वाटावा असे त्यात काही नव्हते.

आम्ही बर्बँक बुलेवार्डच्या पुलाजवळ, सेपुल्वेडाच्या भागात उतरलो. मार्गदर्शक मुलगी विशीतली. तिने आधी जमिनीवर उभे करून वल्हे कसे धरायचे ते शिकवले. या कयाक होडीचे वल्हे एकच असते आणि त्याच्या दोन्ही टोकांना पाते असते. उजवीकडे मारले की होडी डावीकडे वळते. हे एवढे उलटे गणित अंगवळणी पडायला मला दहा मिनिटे लागली आणि तेवढ्या वेळात आम्ही दोनदा काठच्या बोरूत घुसलो. भाचा हसत होता, मीही हसत होते. पाण्यावर बसून मी हसले हे मला नंतर लक्षात आले.

वरून पाहिलेली नदी आणि पाण्याच्या पातळीवरून पाहिलेली नदी यांत फार फरक असतो. जवळूनच चारशेपाच क्रमांकाचा महामार्ग जातो, तिथून रोज लाखो गाड्या धावतात, पण खाली विलोच्या झाडांच्या कमानीत त्याचा आवाज लांबच्या पावसासारखा येतो. राखी रंगाचा उंच बगळा एका पायावर उभा होता. होडी हातभर अंतरावरून गेली तरी तो हलला नाही. काळा पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. उथळ पाण्यात कार्प मासे पाठ वर काढून सळसळत जात होते.

आणि प्लॅस्टिक होते, भरपूर. ते पाण्यात कमी आणि झाडांवर जास्त. फांद्याफांद्यांना पिशव्यांच्या चिंध्या लोंबत होत्या, माझ्या डोक्याच्याही खूप वर. मी मार्गदर्शक मुलीला विचारले, "इतक्या उंच कशा?" ती म्हणाली, "हिवाळ्यात पाणी तिथपर्यंत असते." आमच्या सांगलीत भिंतींवर पुराच्या खुणा रंगवलेल्या आहेत, २००५ ची एक, २०१९ ची एक. इथे झाडांनी चिंध्यांनी खूण केली होती. त्या खुणेखालून शांतपणे वल्हवताना मला पहिल्यांदा वाटले की पूर हा नदीचा एक दिवस असतो, तिचे सगळे आयुष्य नव्हे.

हे पाणी कुठून येते?

भाच्याने मध्येच विचारले, "फुफू, इथे उन्हाळ्यात पाऊस नाही, मग पाणी कुठून येतं?" प्रश्न चांगला होता. उत्तर ऐकून त्याने तोंड वाकडे केले. उन्हाळ्यात या भागातले बरेचसे पाणी जवळच्या टिलमन केंद्रातून येते, म्हणजे शहराचे सांडपाणी शुद्ध करून सोडलेले असते. १९८५ पासून हे केंद्र चालू आहे. बगळा, पाणकावळा, विलोची झाडे, आमची होडी, सगळे त्या पाण्यावर.

आपल्या घरात असे सांगितले की लगेच विचारणा होते, मग हे पाणी पाक की नापाक? हा प्रश्न जुना आहे. सौदी अरेबियातील वरिष्ठ उलेमांच्या परिषदेने १९७८ सालीच यावर विचार केला होता. शुद्धीकरणानंतर पाण्याचा रंग, वास आणि चव यांत घाणीचा अंश उरला नसेल तर ते पाणी पाक, त्याने वुजूही करता येतो, मात्र आरोग्याला अपाय होणार नाही हे पाहावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. लॉस एंजेलिसच्या नदीत तोंड धुवायला जाऊ नये, तिथे रस्त्यांवरची घाणही वाहून येते. पण सांडपाणी नीट शुद्ध केले तर मेलेली नदी जिवंत राहू शकते, एवढे मी डोळ्यांनी पाहिले. सांगलीत शेरीनाल्याचा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तो ऐकून वाटते की सांडपाणी हे नदीचे नशीबच आहे. तसे नसते. ते यंत्र, पैसा आणि देखरेख यांचे काम आहे.

चित्र सगळे गोड नाही. आता शहराला हेच पाणी आणखी शुद्ध करून भूगर्भात मुरवायचे आणि पुढे पिण्यासाठी वापरायचे आहे. दुष्काळी प्रदेशात ही गरज खरी आहे. पण मग नदीला किती उरणार, हा वादही खरा आहे. एलिसियन व्हॅलीत पाणवाट आल्यापासून काठच्या जुन्या, साध्या वस्तीत घरांच्या किमती आणि भाडी चढली आहेत. नदीकडे पाठ करून राहणाऱ्या गरिबांच्या घरांना नदी सुंदर झाल्यावर धोका निर्माण झाला. काठावर तंबू ठोकून राहणारी बेघर माणसेही मी पाहिली. नदी परत आणायची तर ती कुणासाठी, हे आधी ठरवावे लागते. नाहीतर ज्यांनी तिचा वास सोसला त्यांच्या वाट्याला तिची झुळूक येत नाही.

आपल्या काठावर

परत आल्यावर शाळेत मी सातवीच्या मुलांना विचारले की कृष्णेत कोण कोण उतरले आहे. चाळीसपैकी सहा हात वर झाले. मग विचारले की नदीचे चित्र काढा. बहुतेकांनी पूर काढला. बुडालेला पूल, होडीतली माणसे, छतावर शेळी. चित्रे चांगली होती आणि खरीही होती. पण जी मुले नदीला फक्त पुराच्या रूपात ओळखतात, ती मोठी झाल्यावर नदीसाठी काय मागणार? उंच भिंत मागतील. आणि कुणी ती बांधून दिली तर टाळ्या वाजवतील.

सांगलीला होड्यांचे वावडे नाही. आपल्याकडे कृष्णेत होड्यांच्या शर्यती लागतात, काठावर गर्दी होते, वल्हेकऱ्यांची नावे गावभर होतात. वल्ह्यांची कला इथे जिवंत आहे. ज्यांच्या अंगात ती आहे ती माणसे पुरात सर्वांत आधी धावून येतात हेही आपण पाहिले आहे. पाणवाटेसाठी लागणारे सर्वांत अवघड सामान, म्हणजे पाणी ओळखणारी माणसे, आपल्याजवळ आहे. नाही ते बाकीचे: हिवाळ्यातल्या संथ पाण्याचा ठरवलेला एखादा टप्पा, उतरायला आणि चढायला दोन नीट जागा, प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट, दर आठवड्याला तपासलेल्या पाण्याचा आकडा लिहिणारा फलक, आणि पाणी वाढले की वाट बंद करण्याचा अधिकार असलेला एक माणूस. यांतली एकही गोष्ट कमी असेल तर मुलांना पाण्यात नेऊ नये, असे मी शिक्षक म्हणून स्पष्ट सांगेन. पण या पाचही गोष्टी अशक्य कोटीतल्या नाहीत.

फलकाचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. माणसे पाण्यात उतरू लागली की ती पाण्याचा आकडा वाचू लागतात. आकडा वाईट आला की विचारू लागतात, का वाईट? कुठला नाला? कुणाचा कारखाना? पुलावरून जाणारा हा प्रश्न विचारत नाही, त्याला वास आला तर तो गाडीची काच वर करतो. लॉस एंजेलिसमध्ये बरोबर हेच घडले. आधी होड्या उतरल्या, मग कायदा हलला, आणि त्यानंतर शहराला आपल्या नदीची लाज वाटू लागली. लाज वाटणे ही सुधारण्याची सुरुवात असते.

माझ्या वर्गाने सध्या एक छोटे काम घेतले आहे. शहराच्या हद्दीत कृष्णेच्या काठावर माणूस सुरक्षितपणे पाण्यापर्यंत उतरू शकतो अशा जागा किती आहेत, त्यांचा नकाशा. प्रत्येक मुलाने घरच्या मोठ्यांसोबत जायचे, पायऱ्या मोजायच्या, तिथे काय वाहत येते ते लिहायचे, तिथल्या जुन्या माणसाला विचारायचे की पूर्वी इथे काय होत असे. एका मुलीच्या दादीने सांगितले की त्या लहान असताना या घाटावर गोधड्या धुवायला येत आणि दुपारभर पाण्यात खेळत. मुलीने हे ऐकले आणि दादीलाच घाटावर नेले. आतापर्यंत नकाशावर अकरा ठिपके झाले आहेत. त्यांतले चार काट्याकुट्यांनी बंद आहेत, दोन ठिकाणी नाला येऊन मिळतो. पाच ठिकाणी अजूनही उतरता येते.